मर्यादित प्रक्रिया-अधिकार : संगणक प्रणालीतील सोयीची पडताळणी
(बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयीन संगणक केंद्रांच्या संदर्भात)

सारांश : युनिक्स परंपरेतील संगणक प्रणालींमध्ये ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याकडे सर्व सत्ता एकवटलेली असते. या सत्तेचे लहान लहान भाग करून त्यांतील आवश्यक तेवढाच भाग सामान्य वापरकर्त्याच्या प्रक्रियेस देण्याची सोय आज अनेक प्रणालींत उपलब्ध आहे. मात्र ‘आपल्या प्रणालीत ही सोय आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर केवळ आवृत्तीचा क्रमांक पाहून मिळत नाही. कर्नल, फाइल प्रणाली, चालू प्रक्रिया आणि प्रत्यक्ष कार्यक्रम अशा चार स्तरांवर स्वतंत्र पडताळणी करावी लागते. प्रस्तुत लेखात या पडताळणीची पद्धत, तिच्यातील फसव्या जागा आणि महाविद्यालयीन संगणक केंद्राच्या दृष्टीने तिचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : रूट, प्रक्रिया, कॅपॅबिलिटी, लिनक्स, किमान अधिकाराचे तत्त्व.

१. प्रस्तावना

बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर, मेहकर, शेगाव येथील महाविद्यालये असोत वा राज्यातील अन्य कोणतीही महाविद्यालये असोत, संगणक आज केवळ संगणकशास्त्र विभागापुरता मर्यादित राहिलेला नाही. ग्रंथालयाची देवघेव, प्रवेश प्रक्रिया, अंतर्गत गुणांची नोंद, नॅकच्या मूल्यांकनासाठी लागणारी माहिती हे सर्व महाविद्यालयाच्या एखाद्या सर्व्हरवर साठविलेले असते. खर्चाचा विचार करता अशा सर्व्हरवर लिनक्स आणि कोहासारखी मुक्त ग्रंथालय प्रणाली वापरण्याकडे अनेक महाविद्यालयांचा कल असतो. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियन लिनक्सवरच आधारलेली आहे.

अशा ठिकाणी एक नेहमीची अडचण उद्भवते. समजा, ग्रंथालयाची सूची वेबवर उपलब्ध करून देणारा एक लहान कार्यक्रम विभागातील प्राध्यापकाने तयार केला. वेबसाठी ठरलेला ८० क्रमांकाचा पोर्ट त्यास हवा आहे. परंतु १०२४ पेक्षा कमी क्रमांकाचे पोर्ट परंपरेने केवळ रूटलाच खुले असतात. मग सोपा मार्ग निवडला जातो. तो कार्यक्रम रूट म्हणून सुरू केला जातो आणि वेळी-अवेळी तो पुन्हा सुरू करता यावा म्हणून रूटचा परवलीचा शब्द ग्रंथालयातील कर्मचारी, प्रयोगशाळा सहायक आणि एखादा होतकरू विद्यार्थी अशा तिघा-चौघांना सांगितला जातो. एका दरवाजाच्या किल्लीची गरज असताना संपूर्ण वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा हाती दिला जातो.

व्यवहारात ही चूक सहसा कोणी करीत नाही. एका शेताच्या खरेदीखतावर सही करण्यापुरता अधिकार द्यावयाचा असेल, तर त्या कामापुरते खास मुखत्यारपत्र करून दिले जाते. सर्व स्थावर-जंगम मिळकतीचे कुलमुखत्यारपत्र लिहून दिले जात नाही. संगणकातील प्रक्रियांनाही असे ‘खास मुखत्यारपत्र’ देता येते काय, आणि येत असल्यास आपल्या समोरच्या यंत्रावर ते खरोखर चालते काय, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२. सर्वाधिकारी ‘रूट’ : पार्श्वभूमी

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सची पायाभरणी केली. या प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्यास एक क्रमांक असतो. ज्याचा क्रमांक शून्य तो रूट. परवानगीची तपासणी करताना कर्नल प्रथम हा क्रमांक पाहतो; तो शून्य असल्यास बहुतेक सर्व तपासण्या ओलांडल्या जातात. क्रमांक शून्य नसल्यास फाइलवरील परवान्यांप्रमाणे निर्णय होतो. म्हणजेच मूळ युनिक्समध्ये अधिकाराच्या दोनच अवस्था होत्या : सर्व काही, किंवा मालकीपुरते.

परंतु सामान्य वापरकर्त्यालाही काही प्रसंगी विशेष अधिकार लागतो. स्वतःचा परवलीचा शब्द बदलावयाचा तर तो रूटच्या मालकीच्या फाइलमध्ये लिहावा लागतो. यावर रिची यांनी ‘सेट-यूआयडी’ ही युक्ती शोधली. या युक्तीस अमेरिकेत १९७९ साली पेटंटही मिळाले. एखाद्या कार्यक्रमाच्या फाइलवर ही खूण असल्यास तो कार्यक्रम चालविणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. मालक रूट असेल तर तेवढ्या वेळापुरता तो कार्यक्रम रूट होतो.

युक्ती सुटसुटीत आहे. पण तिच्यात एक मूलभूत दोष आहे. कार्यक्रमास लागणारा अधिकार कितीही लहान असो, त्यास मिळते ती संपूर्ण सत्ता. यंत्र जिवंत आहे की नाही हे पाहणारा ‘पिंग’ हा साधा कार्यक्रम कित्येक वर्षे सेट-यूआयडी रूट म्हणून चालत आला. त्यास हवा होता तो केवळ कच्चे नेटवर्क-संदेश पाठविण्याचा अधिकार. त्याच्या रचनेत एखादी चूक निघाली असती, तर तिचा लाभ घेणाऱ्याच्या हाती मात्र पूर्ण यंत्र गेले असते.

३. सत्तेची विभागणी

कार्यक्रमास त्याच्या कामासाठी आवश्यक तेवढाच अधिकार असावा, हे ‘किमान अधिकाराचे तत्त्व’ होय. महसूल प्रशासनात हे तत्त्व जुनेच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार चालणाऱ्या व्यवस्थेत तलाठी, अर्थात आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफाराची नोंद घेतात. ती प्रमाणित करण्याचे काम मंडळ अधिकारी करतात. नोंद घेणाऱ्यास ती प्रमाणित करता येत नाही आणि दोघांपैकी कोणासही त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचे सर्व अधिकार द्यावे लागत नाहीत.

संगणकाच्या क्षेत्रात या विभागणीचे प्रमाणीकरण करण्याचा प्रयत्न ‘पॉसिक्स १००३.१ई’ या मसुद्याद्वारे झाला. हा मसुदा १९९८ मध्ये मागे घेण्यात आला. तो कधीच अधिकृत मानक झाला नाही. या घटनेचा परिणाम आजही जाणवतो. सर्व प्रणालींना समान असे मानक नसल्याने प्रत्येक प्रणालीने आपापल्या पद्धतीने ही सोय उभी केली आणि म्हणूनच ‘ती आहे काय?’ हे तपासण्याची एकच सार्वत्रिक रीत उपलब्ध नाही.

लिनक्सने मात्र या मसुद्याचा आधार घेतला. १९९९ च्या प्रारंभी आलेल्या २.२ या कर्नलमध्ये रूटच्या सत्तेचे स्वतंत्र भाग पाडण्यात आले. त्यांना ‘कॅपॅबिलिटी’ म्हणतात. ५.९ या आवृत्तीपासून (२०२०) त्यांची संख्या ४१ असून त्यांना ० ते ४० असे क्रमांक आहेत. काही उदाहरणे पुढीलप्रमाणे :

क्रमांक ० : फाइलची मालकी बदलणे.
क्रमांक २ : वाचनाच्या परवानगीची तपासणी ओलांडून कोणतीही फाइल वाचणे.
क्रमांक ५ : अन्य वापरकर्त्यांच्या प्रक्रियांना संकेत पाठविणे.
क्रमांक ७ : स्वतःचा वापरकर्ता-क्रमांक बदलणे.
क्रमांक १० : १०२४ पेक्षा कमी क्रमांकाचा पोर्ट घेणे.
क्रमांक १३ : कच्चे नेटवर्क-संदेश पाठविणे.
क्रमांक २५ : यंत्राचे घड्याळ बदलणे.

प्रस्तावनेतील ग्रंथालय-सूचीच्या कार्यक्रमास यांपैकी केवळ १० क्रमांकाचा अधिकार पुरेसा आहे.

४. एक प्रश्न नव्हे, चार प्रश्न

‘लिनक्समध्ये १९९९ पासून ही सोय आहे’ हे विधान सत्य असले, तरी त्यावरून हाताशी असलेल्या यंत्राबद्दल निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. त्यामागील कारण या सोयीच्या घडणीत आहे.

२.२ या आवृत्तीत प्रक्रियेला कॅपॅबिलिटी असे; परंतु फाइलला ती जोडण्याची व्यवस्था नव्हती. परिणामी रूट म्हणून सुरू झालेली प्रक्रिया आपले अधिकार कमी करू शकत असे; सामान्य वापरकर्त्याने सुरू केलेल्या कार्यक्रमास एखादाच अधिकार देण्याचा सरळ मार्ग नव्हता. सर्ज हॅलिन यांच्या कामामुळे २.६.२४ या आवृत्तीत (२००८) फाइलवर कॅपॅबिलिटी नोंदविण्याची सोय आली. तीही प्रारंभी ऐच्छिक होती. कर्नल तयार करताना ती वगळता येत असे. २.६.३३ पासून ती कर्नलचा नित्य भाग झाली. पुढे अँडी लुटोमिर्स्की यांच्या प्रयत्नाने ४.३ या आवृत्तीत (२०१५) ‘ॲम्बियंट’ संच आला. त्यामुळे फाइलवर कोणतीही नोंद नसतानाही सामान्य वापरकर्त्याच्या प्रक्रियेचा अधिकार तिने सुरू केलेल्या पुढील कार्यक्रमापर्यंत पोहोचू लागला.

याशिवाय वितरक संस्था नव्या आवृत्तीतील काही सोयी आपल्या जुन्या कर्नलमध्ये मागाहून समाविष्ट करतात. त्यामुळे आवृत्तीचा क्रमांक जुना असूनही सोय असू शकते. उलटपक्षी, लहान उपकरणांसाठी ४.१ पासून बहुवापरकर्ता व्यवस्थाच वगळून कर्नल तयार करता येतो. अशा यंत्रावर प्रत्येक प्रक्रिया शून्य क्रमांकाने व सर्व अधिकारांनिशी चालते. तेथे कर्नल नवा असूनही ‘सामान्य वापरकर्ता’ ही संकल्पनाच उरत नाही.

म्हणून मूळ प्रश्नाची फोड पुढील चार प्रश्नांत करावी लागते.

(अ) चालू कर्नलला हा विशिष्ट अधिकार माहीत आहे काय?
(आ) कार्यक्रम ज्या फाइल प्रणालीवर आहे, तिच्यावर हा अधिकार नोंदविता व पाळता येतो काय?
(इ) ज्या प्रक्रियेतून कार्यक्रम सुरू होणार, तिच्या मर्यादेत हा अधिकार बसतो काय?
(ई) प्रत्यक्ष कार्यक्रमास तो अधिकार मिळतो काय आणि तो नसताना काम खरोखर अडते काय?

५. पडताळणीची पद्धत

५.१ कर्नल : सर्वांत सोपी खूण म्हणजे ‘/प्रॉक/सिस/कर्नल/कॅप_लास्ट_कॅप’ ही फाइल. चालू कर्नलला ज्ञात असलेल्या शेवटच्या कॅपॅबिलिटीचा क्रमांक तिच्यात असतो. ४० हे उत्तर आल्यास ४१ अधिकार उपलब्ध आहेत. ३.२ पूर्वीच्या कर्नलमध्ये ही फाइल नसते. परंतु फाइल नाही म्हणून सोय नाही, असे मात्र समजू नये.

कार्यक्रमातूनच तपासणी करावयाची असल्यास ‘पीआर-सीटीएल’ या प्रणाली-आवाहनाद्वारे एकेका अधिकाराबद्दल विचारणा करता येते. उत्तर १ आल्यास तो अधिकार ज्ञात असून मर्यादेत आहे. उत्तर ० आल्यास तो ज्ञात आहे, पण या प्रक्रियेच्या मर्यादेतून काढून टाकलेला आहे. ‘अवैध मूल्य’ अशी त्रुटी आल्यास कर्नलला तो अधिकार ठाऊकच नाही. या तीन उत्तरांतील भेद महत्त्वाचा आहे. कारण ‘नाही’ आणि ‘आहे, पण तुम्हाला नाही’ या दोन भिन्न गोष्टी आहेत.

५.२ प्रक्रिया : ‘/प्रॉक/सेल्फ/स्टेटस’ या फाइलमध्ये ‘कॅप’ने सुरू होणाऱ्या ओळी असतात. त्यांतून वारशाने देता येण्याजोगा, अनुज्ञात, प्रभावी, कमाल मर्यादेचा आणि ॲम्बियंट असे पाच संच दिसतात. पाचवी ओळ नसल्यास ॲम्बियंट संचाची सोय नाही, असे मानण्यास हरकत नाही. प्रत्येक संच १६ अंकी षोडशमान संख्येने दर्शविलेला असतो. सर्व ४१ अधिकार असल्यास ती संख्या पाच शून्ये, त्यानंतर एक आणि त्यापुढे दहा ‘एफ’ अशी दिसते. केवळ १० क्रमांकाचा अधिकार असल्यास शेवटचे तीन अंक ४०० असे येतात. ही संख्या वाचण्याचे कष्ट टाळावयाचे असल्यास ‘लिबकॅप’ या संचातील ‘कॅपएसएच’ या आज्ञेस ‘प्रिंट’ हा पर्याय देऊन अधिकारांची नावे पाहता येतात.

सामान्य वापरकर्त्याच्या प्रक्रियेत अनुज्ञात व प्रभावी संच सर्वसाधारणपणे शून्य असतात आणि मर्यादेचा संच पूर्ण असतो. हा शून्य पाहून सोय नसल्याचा निष्कर्ष काढणे ही नेहमी होणारी चूक होय. अधिकार अद्याप दिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मर्यादेचा संच मात्र बारकाईने पाहावा. डॉकरसारख्या कंटेनरमध्ये मूलतः १४ अधिकारच शिल्लक ठेवलेले असतात. त्यामुळे एकाच यंत्रावर कंटेनरच्या आत आणि बाहेर एकाच प्रश्नाची दोन उत्तरे मिळतात. याउलट काही कंटेनरमध्ये सर्व अधिकार दिसतात. पण ते त्या कंटेनरच्या स्वतंत्र नामावकाशापुरतेच असतात. मूळ यंत्राचे घड्याळ त्या अधिकाराने बदलत नाही.

५.३ फाइल प्रणाली : फाइलला दिलेला अधिकार तिच्या विस्तारित गुणधर्मात साठविला जातो. ‘सेटकॅप’ ही आज्ञा तो लिहिते व ‘गेटकॅप’ ती नोंद वाचून दाखविते. पेन ड्राइव्हवर सामान्यतः असणाऱ्या फॅट प्रणालीत असे गुणधर्म साठविता येत नाहीत; तेथे ‘सेटकॅप’ स्पष्टपणे नकार देते. अधिक फसवी स्थिती वेगळीच आहे. जे विभाजन ‘नोसूइड’ या अटीने जोडलेले असते, त्यावर नोंद असली तरी कार्यक्रम सुरू होताना कर्नल तिच्याकडे दुर्लक्ष करतो. ‘गेटकॅप’ अधिकार आहे असे सांगते आणि कार्यक्रमास मात्र तो मिळत नाही. विद्यार्थ्यांचे कार्यक्षेत्र या अटीने जोडणे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे. पडताळणी करताना मात्र ही अट विसरू नये.

५.४ प्रत्यक्ष प्रयोग : वरील तीनही पायऱ्या अनुकूल असल्या, तरी अंतिम निर्णय प्रयोगानेच करावा. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत नियंत्रित नमुन्याशिवाय निष्कर्ष ग्राह्य धरला जात नाही. येथेही तोच दंडक लागू होतो. पोर्टचे उदाहरण घेतल्यास प्रयोगाचे तीन टप्पे पडतात.

पहिला टप्पा : सामान्य वापरकर्ता म्हणून, कोणताही अधिकार न देता कार्यक्रम ८० क्रमांकाच्या पोर्टवर सुरू करावा. ‘परवानगी नाकारली’ असा संदेश अपेक्षित आहे.
दुसरा टप्पा : ‘सेटकॅप’ने त्या फाइलला १० क्रमांकाचा अधिकार अनुज्ञात व प्रभावी म्हणून द्यावा आणि त्याच वापरकर्त्याने पुन्हा कार्यक्रम सुरू करावा. आता यश अपेक्षित आहे. कार्यक्रम चालू असताना त्याच्या स्टेटस फाइलमध्ये ४०० हा आकडा दिसतो काय, हेही पाहावे.
तिसरा टप्पा : नोंद काढून टाकावी आणि पुन्हा नकार मिळतो काय, ते तपासावे.

पहिला टप्पा अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. परंतु तो वगळल्यास निष्कर्ष निरर्थक ठरू शकतो. ४.११ पासून लिनक्समध्ये ‘कोणत्या क्रमांकापासूनचे पोर्ट सर्वांना खुले’ ही सीमा बदलता येते. मूळ सीमा १०२४ असली तरी कोणी ती शून्य केलेली असल्यास ८० क्रमांकाचा पोर्ट कोणालाही मिळतो. अशा यंत्रावर केवळ दुसरा टप्पा करणारा अभ्यासक ‘कॅपॅबिलिटी उत्तम चालते’ असा निष्कर्ष काढील. वस्तुतः तेथे कुलूपच नव्हते. म्हणून किल्ली चालली की नाही, हे कळण्यास मार्ग नाही.

प्रयोगासाठी पायथॉन वा शेलमध्ये लिहिलेली फाइल निवडू नये. अर्थनिर्वाचकाद्वारे चालणाऱ्या फाइलवरील अधिकार कर्नल जुमानत नाही. त्यासाठी मग पायथॉनच्या मूळ फाइललाच अधिकार देण्याचा मोह होतो. तो अत्यंत घातक आहे. तसे केल्यास प्रयोगशाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रत्येक पायथॉन कार्यक्रमास तो अधिकार मिळतो. दिलेला अधिकार ७ क्रमांकाचा असल्यास प्रत्येक विद्यार्थी एका ओळीत रूट होऊ शकतो.

६. अर्धवट आधाराचा धोका

पडताळणीचा हा खटाटोप कशासाठी, अशी शंका घेतली जाणे स्वाभाविक आहे. सन २००० मधील एक घटना या शंकेचे निरसन करते.

त्या काळी टपाल पोहोचविणारा ‘सेंडमेल’ हा कार्यक्रम सेट-यूआयडी रूट म्हणून चालत असे. आवश्यक ते काम झाल्यावर तो आपली रूटची ओळख सोडून सामान्य वापरकर्ता होत असे. जुन्या युनिक्समध्ये रूटने केलेली ही ओळख सोडण्याची क्रिया कधी अपयशी होत नसे. लिनक्स २.२.१५ व त्यापूर्वीच्या कर्नलमध्ये मात्र एक त्रुटी होती. सामान्य वापरकर्ता आपल्या प्रक्रियेच्या वारसा-संचातून ‘वापरकर्ता-क्रमांक बदलण्याचा’ अधिकार काढून टाकू शकत असे आणि त्यानंतर सुरू केलेल्या सेंडमेललाही तो अधिकार मिळत नसे. परिणामी सेंडमेल ओळख सोडत असे, पण ती पूर्णपणे सुटत नसे. जतन केलेला क्रमांक शून्यच राहत असे. कार्यक्रमाची समजूत अशी की आपण आता सामान्य झालो आहोत. प्रत्यक्षात रूटकडे परतण्याची वाट उघडी होती. कर्नलमधील ही त्रुटी २.२.१६ मध्ये दूर करण्यात आली.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, अधिकार जास्त दिल्यामुळे नव्हे, तर अनपेक्षितपणे कमी झाल्यामुळे सुरक्षितता भंगली. सुरक्षिततेसाठी आणलेली सोय अर्धवट असल्यास आणि कार्यक्रमाने तिची खात्री करून न घेतल्यास तीच सोय छिद्र बनते. या धड्याचे प्रतिबिंब पुढील रचनेत दिसते. आज फाइलवर प्रभावी म्हणून नोंदविलेला अधिकार प्रक्रियेच्या कमाल मर्यादेमुळे पूर्णपणे मिळू शकत नसेल, तर कर्नल तो कार्यक्रम सुरूच करीत नाही. अर्ध्या अधिकाराने चालण्यापेक्षा उघड नकार बरा, अशी ही भूमिका आहे. ‘नोसूइड’च्या बाबतीत मात्र उघड नकार मिळत नाही आणि म्हणूनच तपासणीची जबाबदारी व्यवस्थापकावर राहते.

७. मर्यादा

विभागणी झाली म्हणजे प्रत्येक भाग लहानच असतो, असे नव्हे. २१ क्रमांकाच्या ‘सिस-ॲडमिन’ या अधिकारात इतक्या विविध गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत की, जाणकार त्यास ‘नवा रूट’ असे उपहासाने म्हणतात. ५.८ या आवृत्तीत (२०२०) कामगिरी-मापनासारखे काही विषय त्यातून वेगळे काढण्यात आले. तरीही त्याचा पसारा मोठाच आहे. क्रमांक २ चा अधिकार केवळ वाचनाचा असला, तरी परवलीच्या शब्दांची गुप्त फाइल वाचण्यास तो पुरेसा आहे. म्हणून अधिकार देता येतो काय, याबरोबरच त्या अधिकारातून संपूर्ण सत्तेपर्यंत पोहोचता येते काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

‘सुडो’ या परिचित आज्ञेची येथे गल्लत होण्याची शक्यता असते. कोणत्या वापरकर्त्याने कोणती आज्ञा रूट म्हणून चालवावी, हे सुडो ठरविते. परंतु परवानगी मिळालेली ती आज्ञा पूर्ण रूट म्हणूनच चालते. ही माणसांमधील विभागणी झाली, अधिकारांतील नव्हे.

तिसरी मर्यादा टिकाऊपणाची. साधी प्रत काढल्यास नव्या फाइलवर अधिकार येत नाही. फाइलमध्ये काही लिहिले गेल्यास नोंद पुसली जाते. विस्तारित गुणधर्म जपण्याचा पर्याय न देता ‘टार’ने घेतलेल्या राखीव प्रतीतून सर्व्हर पुन्हा उभा केल्यास हाताने दिलेले सर्व अधिकार नाहीसे होतात. अशा वेळी सेवा बंद पडते, कारण ध्यानात येत नाही आणि ‘तात्पुरते’ म्हणून कार्यक्रम पुन्हा रूटने चालविला जातो. ते तात्पुरते मग वर्षानुवर्षे टिकते.

८. अन्य प्रणाली

२००५ मध्ये आलेल्या सोलारिस १० मध्ये ही विभागणी अधिक पद्धतशीर होती. तेथे सामान्य वापरकर्त्याला असणारे नवी प्रक्रिया निर्माण करणे, इतरांच्या प्रक्रिया पाहणे यांसारखे मूलभूत अधिकारही नोंदलेले असून ते काढून घेता येतात. ‘पीप्रिव्ह’ ही आज्ञा उपलब्ध अधिकारांची यादी व कोणत्याही प्रक्रियेचे संच दाखविते. फ्रीबीएसडी ९.० मध्ये (२०१२) ‘कॅप्सिकम’ ही व्यवस्था आली. तिच्यातही ‘कॅपॅबिलिटी’ हा शब्द येतो; परंतु तेथे त्याचा अर्थ उघडलेल्या फाइलवरील हक्क असा आहे. नावसाधर्म्यावरून सोय तीच असल्याचे मानू नये. विंडोजमध्ये एनटीच्या काळापासून असे अधिकार आहेत. ‘हू-ॲम-आय’ या आज्ञेस ‘प्रिव्ह’ हा पर्याय दिल्यास चालू वापरकर्त्याचे अधिकार व त्यांपैकी कोणते कार्यान्वित आहेत, ते दिसते. महाविद्यालयाच्या कार्यालयातील विंडोज संगणकावरही हा प्रयोग वर्गात करून दाखविता येण्याजोगा आहे.

९. महाविद्यालयीन संगणक केंद्रासाठी

वरील विवेचनाच्या आधारे पुढील बाबी सुचविता येतील. प्रथम, सेट-यूआयडी रूट असलेल्या आणि कॅपॅबिलिटी दिलेल्या सर्व फाइलींची यादी तयार करून ती प्रत्येक सत्रारंभी ताडून पाहावी. दुसऱ्या यादीसाठी ‘गेटकॅप’चा पुनरावर्ती पर्याय उपयुक्त आहे. दुसरे, कायम चालणाऱ्या सेवांसाठी फाइलवर अधिकार नोंदविण्यापेक्षा ‘सिस्टमडी’च्या सेवा-फाइलमध्ये वापरकर्ता, मर्यादेचा संच व ॲम्बियंट संच लिहून ठेवावा. ही नोंद साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहत असल्याने राखीव प्रतीत हरवत नाही आणि नव्या कर्मचाऱ्यासही वाचता येते. तिसरे, प्रत्येक मोठ्या अद्ययावतीकरणानंतर आणि राखीव प्रतीतून पुनःस्थापना केल्यानंतर तीन टप्प्यांचा प्रयोग पुन्हा करावा.

१९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाशी, म्हणजेच आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी, संलग्न अशा जिल्ह्यातील महाविद्यालयांत संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कार्यकारी प्रणाली हा विषय अभ्यासावा लागतो. ‘प्रक्रिया’ व ‘संरक्षण’ ही प्रकरणे फळ्यावर शिकविताना हा प्रयोग अर्ध्या तासात करून दाखविता येईल. त्यास नवी यंत्रसामग्री लागत नाही.

१०. समारोप

विद्यार्थ्यांचे पत्ते, जातीचे दाखले, गुण, बँक खात्यांचे तपशील आज महाविद्यालयाच्या संगणकात आहेत. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने अशी माहिती बाळगणाऱ्यावर वाजवी सुरक्षा-उपाय योजण्याचे दायित्व टाकले आहे. ग्रंथालयाची सूची दाखविणाऱ्या एका लहान कार्यक्रमास रूट बनविणे म्हणजे त्या कार्यक्रमातील प्रत्येक चुकीच्या हाती हे सर्व तपशील सोपविणे होय.

मर्यादित अधिकार देण्याची सोय बहुतेक आधुनिक प्रणालींत आहे. परंतु ‘सोय आहे’ हे वाक्य पुस्तकातून वा आवृत्तीच्या क्रमांकावरून उचलण्याजोगे नाही. कर्नलला विचारावे, प्रक्रियेची मर्यादा पाहावी, फाइल प्रणालीची अट तपासावी आणि शेवटी अधिकार नसताना दार खरोखर बंद राहते काय, याचा अनुभव घ्यावा. चारही उत्तरे जुळल्यावरच कुलमुखत्यारपत्र फाडून टाकून त्याऐवजी खास मुखत्यारपत्र हाती देणे सुरक्षित ठरते.